दाबलेली स्प्रिंग

कॉव्हेंट्रीतल्या आमच्या शेडच्या भिंतीवर मीच खडूने लिहून ठेवलंय: 'स्प्रिंग उतरवताना घाई नाही, राग नाही, जॅक सोडून हलायचं नाही.' जुन्या जॅग्वार गाडीची पुढची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. अचानक सुटली तर माणसाचा जबडाच घेऊन जाईल. म्हणून तिला साखळी बांधायची, खालून जॅक लावायचा, मग बोल्ट काढून जॅक तसूतसूने खाली घ्यायचा.

शनिवारी शेवटचा बोल्ट निघाला, सगळा भार जॅकवर आला, आणि नेमकी तेव्हाच माझी बायको डोरीन चहा घेऊन दारात उभी राहिली.

"बर्नार्ड, बागेतली ती दुसरी गाडी सकाळी भंगारवाला घेऊन गेला."

सुट्या भागांसाठी नऊ वर्षं ताडपत्रीखाली जपलेली गाडी! माझी कानशिलं तापली. पण जॅक सोडता येईना.

"डोरीन!"

"भिंतीवर काय लिहिलंय, वाच."

मी दातओठ खात जॅक उतरवत राहिलो. दहा मिनिटांनी स्प्रिंग सैल होऊन साखळीत लोंबकळली. आता ओरडावं म्हटलं, तर आतलं सगळं ओसरून गेलेलं.

"आरसे तरी काढून घेतलेस?"

"तुझ्या मोज्यांच्या कप्प्यात आहेत." तिने चहा हातात दिला. "त्या जागेवर टोमॅटो लावू या."

चहा फक्कड झाला होता. टोमॅटो मला आवडतातही.

जाता जाता डोरीन दारात थांबली. "दुसऱ्या चाकाची स्प्रिंग कधी काढणार आहेस रे?"