रानात सरळ काही नसतं

"मागच्या बाजूनं हात घाला, भावजी," वहिनी म्हणाल्या. "साप नाही बसलेला तिथे."

धाकट्यानं बागेतल्या बाकाच्या मागे हात घातला. लोखंडी पट्टीला चुंबकानं चिकटलेली एक अंगठ्याएवढी डबी हाताला लागली. आत कागदाची गुंडाळी, आणि तिच्यावर आजवर ज्यांना डबी सापडली त्यांची नावं.

"आता सही करा आणि होती तशी परत ठेवा. झालात तुम्ही खेळाडू!"

याला जिओकॅशिंग म्हणतात म्हणे. कोणीतरी डबी लपवतो, जागेचे अक्षांश-रेखांश फोनवर टाकतो आणि चांगली शहाणीसुरती माणसं ती शोधत रानोमाळ हिंडतात. थोरल्या भावाला याचं वेड होतं. गेल्या थंडीत एका रविवारी तो असाच डबी शोधायला म्हणून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. पोलिसांनी टेकडी पालथी घातली, ओढ्यात माणसं उतरवली. हाती काही लागलं नाही.

लोकांना काय, विषयच हवा. कोणी म्हणे पळून गेला. कोणी म्हणे, बाईच्या डोळ्याला टिपूस नाही आणि महिन्याच्या आत स्वयंपाकघराला नवी फरशी! ती फरशी धाकट्यानंच बसवली होती. धंदाच तो त्याचा. निम्मी थोरल्यादेखत झाली होती, उरलेली पुरी करा असं वहिनींनीच सांगितलं. तो गुडघ्यांवर बसून सांध्यांत काडेपेटीच्या काड्या खोचत होता, म्हणजे फटी सारख्या राहतात. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. हातातला चहा निवून गेला. त्या बघण्याचा त्याला तेव्हाही त्रास झाला होता.

तरी तो रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला जायचा. थोरल्याच्या खुर्चीत बसायचा. ते ताट, ती खुर्ची, आतून येणारी "भावजी, वाढू का?" ही हाक. लग्न न झालेल्या माणसाला याहून काय हवं? हे सुख आता हातचं जाऊ नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

आणि आता वहिनींना हा नाद लागला. त्या एकट्या टेकडीवर गेल्या आणि भलतंच काही झालं तर? म्हणून "मलाही शिकवा" म्हणत तो मागे लागला होता. दुपारी निघताना त्यानं दारातल्या चपला सवयीनं ओळीत लावल्या. वहिनी त्याकडे बघत राहिल्या.

"जित्याची खोड, हे म्हणायचे तुम्हाला," त्या एवढंच म्हणाल्या.

दुसरी डबी पाण्याच्या टाकीमागच्या झाडीत होती. धाकटा फोनकडे बघत गोल गोल फिरला आणि घामाघूम झाला.

"फोन नुसता जवळ आणून सोडतो," वहिनी म्हणाल्या. "पुढचं आपल्या डोळ्यांनी. त्या झाडाच्या मुळाशी काय दिसतं?"

"काटक्या."

"कशा पडल्यात?"

काटक्या शेजारी शेजारी, एकसारख्या ठेवलेल्या होत्या. त्याखाली डबी निघाली.

"रानात सरळ काही नसतं. जिथे नीटनेटकं दिसेल, तिथे माणसाचा हात फिरलाय असं समजायचं. ह्यांनीच शिकवलं मला."

"आणि जमिनीत पुरलेली असली तर?"

"डबी कधीच पुरायची नसते. या खेळाचा पहिला नियम."

धाकट्याला बरं वाटलं. मग वहिनींनी पिशवी खांद्यावर नीट केली, तेव्हा आत काहीतरी लांबट आणि कडक हललं.

"द्या, मी घेतो."

"राहू द्या. लागेल तेव्हा काढीन. आता वर जायचं."

धाकट्यानं आभाळाकडे पाहिलं. "ऊन उतरलंय, वहिनी. पुढच्या रविवारी जाऊ."

"तुम्ही नका येऊ. मी जाऊन येते."

तोही निघाला. टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. वाट अरुंद झाली तशा वहिनी थांबल्या.

"तुम्ही पुढे व्हा."

तो पुढे झाला. पुढे चालणाऱ्याला मागच्याच्या हातात काय आहे ते दिसत नाही. वहिनींची पावलं त्याच्या पावलांबरोबर पडत होती आणि तो थांबला की थांबत होती. त्याला लोकांचं बोलणं आठवलं. डोळ्याला टिपूस नाही. मानेवर घाम आला तरी मागे वळून बघणं त्याच्यानं होईना.

मोठ्या खडकापाशी झाडं विरळ झाली. समोर वाळक्या पानांनी भरलेला सपाट तुकडा होता. धाकटा त्याला वळसा घालून कडेकडेनं निघाला.

"मधूनच जाऊ की," मागून आवाज आला.

"काटे आहेत तिथे. तुम्हीही इकडून या."

"कुठे आहेत काटे?"

तो वळला. वहिनी त्या तुकड्याच्या कडेशी उभ्या होत्या.

"फोन काय म्हणतो?" त्यानं विचारलं.

"फोन मी खालीच बंद केला, भावजी. तुम्ही होतात ना पुढे." त्यांनी पिशवीतून आखूड दांड्याचं फावडं काढलं. डोळे भरून आले होते.

"वहिनी, या खेळात खणायचं नसतं. तुम्हीच म्हणालात."

"खेळ मघाशीच संपला."

त्यांनी वाकून फावड्यानं पानं बाजूला सारली. खाली चपटे दगड होते. सगळे एका पातळीत, ओळीनं बसवलेले, मधल्या फटी अगदी सारख्या. एका सांध्यात काडेपेटीची एक काडी अजून तशीच खोचलेली होती.