अर्धी उघडणारी झडप

थोरला भाऊ घाटात दरीत कोसळून गेला. वर रस्त्यावर उभ्या असलेल्या त्याच्या गाडीला मात्र ओरखडाही आला नव्हता. आता धाकट्याने ती जुनी स्पोर्ट्स कार बाहेर काढली, तर ती जोरच धरेना.

देवाचं नाव घेऊन गॅरेजातल्या मिस्त्रींनी अ‍ॅक्सिलरेटरची नवी केबल घातली आणि ते चालू इंजिनावर वाकले. “दाबा अ‍ॅक्सिलरेटर.”

पेडल दाबताच पूर्ण उघडायला हवी ती कार्बोरेटरची झडप अर्धीच उघडली.

“अहो, जोरात दाबा की! मुंगी मारताय का?”

“पाय तळाला टेकलाय, काका! उद्या वहिनीला फिरवायचंय, काहीही करा.”

मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली. “त्या दिवशी घाटात गाडीत तुम्हीही होतात ना?”

धाकटा खाली उतरला आणि गाडीपुढे येऊन उभा राहिला.

मिस्त्रींच्या डोळ्यांदेखत झडप हळूहळू पूर्ण उघडली. मग रिकाम्या गाडीत गिअर पडला.