लाकडातला आवाज

मशीनचा खेळायचा पट उचलून मिस्त्रींच्या लेकीने आत बॅटरी मारली आणि तिचा हात थांबला. तिन्ही घंटांचे स्क्रू वाजवीपेक्षा कितीतरी जास्त पिळलेले होते. दहाच्या घंटेचा तर शेवटच्या आट्याला टेकला होता.

खेळांच्या हॉलमधलं हे सगळ्यात जुनं पिनबॉल. त्याच्या पोटात स्पीकर वगैरे काही नव्हता. लोखंडी गोळी कुठे आपटली की आत एक दांडी उसळायची आणि घंटेवर ठोका पडायचा. दहा गुणांची घंटा बारीक आवाजाची, शंभरची मधली, हजारची खर्जातली. ठोका किती जोरात पडावा ते स्क्रूवर, आणि त्या स्क्रूंना पंचवीस वर्षांत मिस्त्रींशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. लेक नवी मशिनं सांभाळायची. त्यांच्यात गाणी, गडगडाट, टाळ्या, सगळं स्पीकरमधून. त्यावरून बापलेकीची घरी जेवताना हमखास जुंपायची.

"तुमच्या मशीनला तीनच सूर येतात," ती म्हणायची.

"पण स्वतःचे येतात," म्हणत बाबा पुढचा घास घ्यायचे.

अलीकडे मात्र ते मशीन नुसतं बोंबलायला लागलं होतं. शेजारी खेळणाऱ्यांना आपल्या खेळाचा आवाज ऐकू येईना. तक्रारी वाढल्या तेव्हा हॉलच्या मालकीणबाईंनी तोडगा काढला. घंटांचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारं एक सर्किट आणि छोटा स्पीकर त्यांनी मागवला. आज हॉल उघडायच्या आत खऱ्या घंटा काढून तो बसवायचं काम नेमकं लेकीच्या गळ्यात पडलं होतं. "आवाज तोच राहील, आणि मिस्त्रींच्याही डोक्याला ताप नको," बाई म्हणाल्या होत्या. घंटा गेल्या की बाबांचं इथलं कामच संपणार, हे काही तिला कोणी समजावून सांगायला नको होतं.

पिळलेले स्क्रू बघून तिला आणखीही काही कळलं. तिने मागे वळून पाहिलं. मिस्त्री येऊन उभे होते.

"बाबा, दहाची घंटा ऐकू येते तुम्हाला?"

मिस्त्रींनी तिच्या ओठांकडे पाहिलं. "वर्ष झालं. आधी वाटलं ठोकाच सैल पडतोय, म्हणून पिळत गेलो. मग फोनची रिंगही ऐकू येईना, तेव्हा उमगलं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगून काय, तू नवा कान बसवून देणार होतीस?"

तिला हसूही आलं आणि भरूनही आलं. काहीतरी करायचं म्हणून तिने खिशातून फोन काढला, आवाज मोजायचं अ‍ॅप उघडलं आणि एकेक दांडी बोटाने दाबून सोडली. दहाची ब्याऐंशी डेसिबल. शंभरची ब्याऐंशी. हजारचीही तेवढीच. तिचा विश्वास बसेना, म्हणून तिने पुन्हा मोजलं.

"दहाची ऐकू येत नाही, मग बाकीच्या दोन तिच्या बरोबरीला आणल्या कशावरून?"

"हातावरून," मिस्त्री म्हणाले.

तेवढ्यात मालकीणबाई सर्किटचा खोका काखोटीला मारून आत आल्या. "झाल्या का घंटा काढून?"

"बाई, एक स्क्रू खराब झाला होता," लेक घाईने म्हणाली, "म्हणून आवाज..."

मिस्त्रींनी तिचा दंड धरला. "स्क्रू धडधाकट आहे. कान गेलाय माझा. आवाज वाढला ती माझी चूक. पण या तिघींत कोणती कमी-जास्त आहे, एवढं तुम्ही मला ऐकून सांगा."

बाई गडबडल्या. लेकीने तिन्ही घंटा दोनदा वाजवल्या. बाईंनी कपाळाला आठ्या घालून ऐकल्या, पण सांगता काही आलं नाही.

"ते ठीक आहे, मिस्त्री. पण आवाज कमी कसा करणार? तुम्हाला तर..."

मिस्त्रींनी डावा तळवा मशीनच्या लाकडी कुशीवर ठेवला आणि उजव्या हाताने स्क्रूड्रायव्हर आत घातला. लेक दांडी दाबत होती, ते आटा सोडत होते. कोणाच्या तोंडाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पुरे वाटलं तेव्हा ते थांबले. लेकीने फोन धरला. पासष्ट, पासष्ट, पासष्ट. तिने फोन अभिमानाने बाईंच्या नाकासमोर नेला.

"ऐकू येत नाही आणि कळतं कसं हो?" बाईंनी विचारलं.

"हात ठेवा इथे. बोटांच्या टोकांना लागते ती दहाची. तळव्यात भरते ती शंभरची. मनगटापर्यंत चढते ती हजारची."

बाईंनी खोका स्टुलावर ठेवला आणि जरा संकोचानेच तळवा लाकडाला लावला. लेकीने घंटा वाजवल्या. बाईंनी डोळे मिटले.

"पुन्हा वाजव," त्या लेकीला म्हणाल्या.

तिने वाजवल्या.

"अजून एकदा."

मिस्त्रींनी पट खाली केला, काच सरकवून बसवली आणि स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला.

"एवढं फुकट इथे कोणालाच ऐकायला मिळत नाही," ते म्हणाले. "नाणं टाका, मालकीणबाई."