शुक्रवारनंतरच्या बातम्या

"नलू, तुमच्या साइटवर यंदा दिवाळी अंकांचं काहीच कसं येत नाही गं?" नाश्ता करता करता दिनकररावांनी मुलीपुढे फोन धरला.

त्याच बातम्यांच्या साइटवर कोण काय वाचतं यावर नजर ठेवणं हीच नलिनीची नोकरी. वाचकाच्या उपयोगी पडणार नाही ती बातमी यंत्रणा आपोआप गाळते, हे तिला ठाऊक होतं. वडिलांच्या फोनवर शुक्रवारनंतर व्हायच्या कुठल्याच गोष्टीची बातमी नव्हती.

लॅपटॉप उघडून तिने त्यांची नोंद काढली. डोळ्यांच्या जळजळीवरची एकच बातमी ते आठवडाभर पुन्हा पुन्हा वाचत होते. शेजारचे काळसेकरही तीच वाचत होते, आणि रासायनिक कारखान्याला लागून असलेली ही उभी कॉलनीसुद्धा. साडेचारशे घरांत कुणालाच शुक्रवारनंतरच्या कशाचीही बातमी जात नव्हती.

कारखान्यातून काय गळतंय आणि ही माणसं कुठवर जगतील, हे यंत्रणेला कळलं होतं. पण ते कुणाला सांगणं हे यंत्रणेचं काम नव्हतं.

नलिनीने चुरचुरणारे डोळे चोळले.

"ऑफिसात गेलीस की आठवणीने विचार," दिनकरराव चहा ओतत म्हणाले. "आज शुक्रवार. उद्या-परवा तुमची सुट्टी."