टिकलीखालचं बटण

जेवता जेवताच दिगंबररावांचं हृदय अडखळलं. कुमुदबाईंनी नेहमीसारखा फोन उचलला आणि पडद्यावरच्या लाल टिकलीवर बोट दाबलं. नवऱ्याच्या छातीतल्या यंत्राला जागं करायचं बटण काचेवर काच ठेवावी तसं होतं, दिसायचंच नाही. म्हणून त्यांनी आरशावरची टिकली काढून नेमकी त्या जागी चिकटवली होती.

आज काहीच झालं नाही.

"आई, काल अ‍ॅपचं नवं रूप आलंय. बटण हलवलंय मी," मिहीर ताटावरून उठत म्हणाला. त्या अ‍ॅपचा पडदा त्यानेच रेखला होता, त्यासाठी बक्षीसही मिळवलं होतं. "मधोमध फार बोजड दिसत होतं गं."

"चुलीत घाल तुझं दिसणं! त्या टिकलीच्या भरवशावर माझं कुंकू होतं, मेल्या! घे, दाब आता तूच!"

दिगंबररावांचे ओठ निळे पडत होते. मिहीरचं बोट पडद्यावर वर गेलं, खाली आलं, भिरभिरत राहिलं. सगळीकडे तेच देखणं, पांढरंशुभ्र धुकं.

"इथेच कुठेतरी ठेवलंय," तो पुटपुटला, आणि शेवटी घाबरून त्यानेही टिकलीच दाबली.