गुलाबाच्या वासाचा बांगडा

परदेशी सांस्कृतिक संस्थेच्या भारतातल्या कार्यालयाची प्रमुख राजश्री मुख्यालयातल्या गोऱ्या साहेबांना घेऊन रत्नागिरीच्या खारवीवाड्यात, मच्छीमारांच्या वस्तीत, उतरली आणि गुलाबाचा भपकारा तिच्या नाकात घुसला. “साहेबांना मासळीचा वास सोसायचा नाही, काहीतरी करा,” असं तिनेच दिल्लीहून फर्मावलं होतं. हाताखालच्या शहाण्यांनी वाळत घातलेल्या बांगड्यांवरच सुगंधी फवारा मारला होता. चुलीजवळची म्हातारी कडाडली, “बाय, माझा माल नासवलात! आता ह्यो घेल कोन?” साहेबांनी अर्थ विचारला. रत्नागिरीतच वाढलेली राजश्री हसून म्हणाली, “तुमचं स्वागत करतेय.” साहेबांनी हात जोडले. म्हातारीने राजश्रीचं हसू पाहिलं, फवारलेलाच एक बांगडा निखाऱ्यावर भाजला आणि तिच्या हातात दिला. “हितलीच ना तू? मंग खा.” संस्थेच्या माणसाचा कॅमेरा चालू होता. तिने घास घेतला. साहेबांनी चव विचारली. ओकारी दाबत ती म्हणाली, “अगदी माझ्या आईच्या हातची!”