सगळ्यांसाठी जागा

दादा बोटभर उंचीच्या बाहुल्या मांडून त्यांचे फोटो काढायचा, पण दुकानात मिळणाऱ्या बाहुल्या सगळ्या गोऱ्यापान, सडपातळ आणि तरुण. वेगळ्या चेहऱ्यामोहऱ्याच्या बाहुल्या शोधायचं काम धाकट्या बहिणीने हौसेने अंगावर घेतलं. व्हीलचेअरवर बसून तिने खेळण्यांची दुकानं पालथी घातली आणि सावळी डॉक्टरीण, ढेरपोट्या पोस्टमन, काठी टेकणारी आजी असा सगळा गोतावळा जमवला. शेवटी एका मोडक्या खोक्यात तिला इवल्याशा व्हीलचेअरवरची मुलगी सापडली, तेव्हा दादा नाचायचाच बाकी राहिला.

"छोटे, ही तर तूच! प्रदर्शनात हिचाच फोटो सगळ्यात मोठा लावणार बघ."

उद्घाटनाच्या दिवशी ती ठेवणीतला ड्रेस घालून पोहोचली. प्रदर्शन दुसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती.

"खालचा हॉलही रिकामाच होता हो," दारावरचा माणूस ओशाळून म्हणाला. "ते फोटोवाले स्वतः हॉल ठरवायला आले होते, त्यांना मी दाखवलासुद्धा."

तिने दादाला फोन लावला.

"अगं, वर उजेड काय सुंदर येतो! आणि तुझे तर सगळे फोटो बघून झालेत. थांब, व्हिडिओ कॉल करतो."

कॉल लागला. व्हीलचेअरवरच्या मुलीच्या भल्यामोठ्या फोटोसमोर गर्दी जमली होती, आणि दादा लोकांना सांगत होता,



"माझ्या या जगात कुणालाच दाराबाहेर थांबावं लागत नाही."